न दिसणारा थकवा आणि मेंदूवरील विद्युत्प्रयोग

रोगांची गणना करताना मनुष्याने जे डोळ्यांना दिसते त्याला नेहमीच पहिला मान दिला आहे. अंगावर उठलेला फोड, सुजलेला पाय, चढलेला ताप यांना कोणी खोटे म्हणत नाही. परंतु ज्या व्यथेला रंग नाही, आकार नाही आणि थर्मामीटरच्या पाऱ्यावर जिची खूण उमटत नाही, तिला आपले अस्तित्व पटवून देण्यासाठीच निम्मी शक्ती खर्च करावी लागते. थकवा ही अशा व्यथांपैकी अग्रगण्य होय. ‘दमलो’ हा शब्द घरोघर इतक्या सहजपणे उच्चारला जातो की, जो खरोखरच रोगाने दमलेला आहे त्याच्या तोंडी तो आला म्हणजे ऐकणाऱ्याला त्यात विशेष असे काही वाटत नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकारात अशा थकव्याचे दर्शन घडते. या विकाराच्या दर चार रोग्यांपैकी सुमारे तिघांना तो जाणवतो, आणि त्यांतील अनेकांच्या मते आंधळेपणाची भीती किंवा पायातली अशक्तता यांपेक्षाही तोच अधिक छळणारा असतो. दिवसभर राबलेल्या मनुष्याचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. या रोग्याचा मात्र रात्रभर झोप होऊनही सकाळी अंथरुणातच त्याच्याबरोबर जागा होतो. हात उचलण्याचे बळ असते, पण उचलावयाचा म्हटले की जणू ओला कांबळा अंगावर पडला आहे असे वाटते. वाचलेले वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ मनातून निसटतो.

नवी मुंबईसारख्या नगरात अशा रोग्याचे जिणे कसे होत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडच्या खेड्यांतून व मिठागरांतून वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर अशी वसाहतींची माळ उभी राहिली. १९९२ साली मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीपर्यंत लोकलगाडी आली आणि तेथील हजारो कुटुंबांचा दिवस गाडीच्या वेळापत्रकाला बांधला गेला. आठ वाजून काही मिनिटांची गाडी, स्थानकावरचा जिना, उभ्याने केलेला प्रवास, आणि वर ऑक्टोबरचा दमट उकाडा. ज्याच्या मज्जातंतूंना उष्णता सोसत नाही त्याला हा क्रम म्हणजे रोजची परीक्षाच होय. रोग साधारणतः विसाव्या आणि चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान प्रकट होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटीहून अधिक प्रमाणात ग्रासतो. म्हणजे नोकरी नवी, संसार नवा, मुले लहान, अशा ऐन उमेदीच्या काळात तो येतो. चेहरा टवटवीत दिसतो. म्हणून घरची मंडळी आळस म्हणतात, कचेरीतले वरिष्ठ टाळाटाळ म्हणतात, आणि कधीकधी स्वतः रोग्यालाही वाटू लागते की, दोष आपल्या मनाचाच असावा.

या थकव्यावर औषधावाचून, डोक्यावरून सौम्य वीज किंवा चुंबकाचे ठोके देऊन, काही उपाय करता येईल काय, असा प्रश्न गेल्या काही वर्षांत जगातील अनेक रुग्णालयांतून विचारला जात आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी रोगाचा इतिहास, विजेचा इतिहास आणि फसवणुकीपासून सावध राहण्याच्या रीतीचा इतिहास, असे तीन धागे एकत्र घ्यावे लागतात.

प्रथम रोगाचा धागा. पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयातील विख्यात वैद्य झाँ-मार्तँ शार्को याने १८६८ साली या विकाराचे सुस्पष्ट वर्णन केले. मृत रोग्यांच्या मेंदूत व मज्जारज्जूत त्याला जागोजागी घट्ट झालेले चट्टे आढळले, त्यावरूनच रोगाला नाव मिळाले. आज या चट्ट्यांचे रहस्य बरेचसे उलगडले आहे. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायेलीन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असते. शरीराची संरक्षक सेना भ्रमाने या वेष्टनावरच तुटून पडते. वेष्टन फाटले की संदेश मंदावतो, अडखळतो, क्वचित मध्येच थांबतो. शार्कोने रोगाची तीन लक्षणे मुख्य मानली होती: डोळ्यांच्या बाहुल्यांचे थरथरणे, काही घेण्यास हात पुढे केला असता त्यास येणारा कंप, आणि तुटक तुटक बोलणे. त्या त्रयीत थकव्याला स्थान नव्हते.

१८९० साली जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उथॉफ याने नोंदले की, शारीरिक श्रमानंतर या रोग्यांची दृष्टी काही काळ अंधूक होते. पुढे कळून आले की, याचे कारण शरीरातील वाढलेली उष्णता होय. तापमान किंचित चढले तरी उघड्या पडलेल्या तंतूंतून संदेश वाहणे कठीण होते. परंतु थकवा स्वतंत्रपणे मोजण्याचे साधन वैद्यांच्या हाती येण्यास आणखी शंभर वर्षे लागली. अमेरिकेतील लॉरेन क्रप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली नऊ वाक्यांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यातील प्रत्येक वाक्याला रोग्याने एक ते सात यांपैकी गुण द्यावयाचे असतात. साधन अत्यंत साधे होते, पण त्यामुळे रोग्याच्या शब्दाला प्रथमच वैद्यकीय कागदावर जागा मिळाली.

थकवा का येतो, याचे पूर्ण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मेंदूची क्रियाशील चित्रे घेतली असता असे दिसते की, निरोगी मनुष्य जे काम मेंदूच्या लहानशा भागाकडून करवून घेतो, त्याच कामासाठी या रोग्याच्या मेंदूला अधिक विस्तृत प्रदेश राबवावा लागतो. नेहमीचा पूल पडला म्हणजे वाहनांना दूरच्या वळणाने जावे लागते आणि इंधन अधिक जळते, तसाच हा प्रकार. कपाळामागील भाग आणि मेंदूच्या खोल गाभ्यातील केंद्रे यांना जोडणाऱ्या वाटा यात विशेष गुंतलेल्या असतात. नेमकी हीच गोष्ट विजेचा उपाय सुचवणाऱ्यांना आशा देते: थकव्याचे मूळ स्नायूंत नसून मेंदूच्या वाटांत असेल, तर त्या वाटांना बाहेरून किंचित चालना देऊन पाहावयास काय हरकत आहे?

भारतात हा रोग जवळजवळ नाहीच, असा समज दीर्घकाळ रूढ होता. शीत कटिबंधातील गोऱ्या लोकांचा रोग म्हणूनच पाठ्यपुस्तकांत त्याचे वर्णन होई. या समजाला धक्का देणाऱ्या कामात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९५७ साली जे. जे. रुग्णालयात मज्जातंतुविकारांचा विभाग उभारणारे डॉ. नोशीर वाडिया, तसेच डॉ. एडी भरुचा, डॉ. नादिर भरुचा आणि डॉ. भीमसेन सिंघल यांनी मुंबईतील पारशी समाजाची पाहणी केली. ती १९८८ साली प्रसिद्ध झाली, आणि १९९० साली डॉ. वाडिया यांनी याच विषयावर आणखी एक लेख लिहिला. पारशी समाजात लाखामागे वीसहून अधिक लोकांना हा विकार असल्याचे त्यांतून दिसले. तत्कालीन भारतीय अंदाजांच्या मानाने हे प्रमाण कितीतरी अधिक होते. चुंबकीय प्रतिमा घेणारी एमआरआय यंत्रे शहरांत आल्यावर इतर समाजांतीलही रोगी ओळखू येऊ लागले. रोग नव्याने आला नव्हता. पाहण्याची दृष्टी नव्याने आली होती. १९८५ साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत या रोगाचे नाव स्वतंत्रपणे घातले. तथापि कायद्याच्या प्रमाणपत्रासाठी हातापायांचे बळ मोजणे सोपे, थकवा मोजणे अवघड, ही अडचण शिल्लकच आहे.

आता दुसरा धागा, विजेचा. शरीरावर वीज लावून दुखणे हटवण्याची कल्पना डायनॅमोच्याच काय, वीज या शब्दाच्या शास्त्रीय अर्थाच्याही आधीची आहे. रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळातील वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात, जुनाट डोकेदुखीवर जिवंत ‘टॉर्पीडो’ मासा कपाळावर ठेवण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. हा मासा अंगातून विजेचा झटका देतो. १८०० साली व्होल्टाने विद्युत्‌घटांचा मनोरा तयार केला आणि अखंड वाहणारा प्रवाह मनुष्याच्या हाती आला. त्यानंतर लवकरच बेलेडोनाच्या काढ्याप्रमाणेच विजेच्या मात्राही दिल्या जाऊ लागल्या. गाल्वानीचा भाचा जिओव्हानी अल्दिनी याने एका खिन्नमनस्क शेतकऱ्याच्या डोक्यास व्होल्टाचे घट लावून त्यास गुण आल्याचे नमूद केले. स्वतः शार्कोनेही या रोगावर विजेचा प्रयोग करून पाहिला, सोने-चांदीची टोचणी आणि कुचल्याच्या बियांतील स्ट्रिक्नीन हे विषही देऊन पाहिले. कशानेही रोग हटला नाही.

वीज आणि चुंबक यांचे नाते १८३१ साली मायकेल फॅरडे याने सिद्ध केले. बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या तारेत प्रवाह उत्पन्न करते आणि वाहता प्रवाह आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे करतो. या नात्याचा एक ठळक दाखला कोकणच्या किनाऱ्यावरच पाहावयास मिळतो. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेच्या ट्रामगाड्या धावणार असे ठरले. ट्रामच्या प्रवाहाने वेधशाळेच्या सुया विचलित होणार, हे ओळखून संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग येथे लोखंड टाळून नवी इमारत उभारली आणि १९०४ पासून तेथे वेध घेण्यास प्रारंभ केला. दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही काळ समांतर ठेवल्या गेल्या, म्हणजे जुन्या मालिकेशी नवी नीट जुळावी. १९०७ साली ट्रामगाड्या सुरू झाल्या. त्या परंपरेतून विकसित झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवी मुंबईच्या परिसरात, नवीन पनवेल येथे आहे. त्या जुन्या वैज्ञानिकांनी घेतलेली खबरदारी पुढील विवेचनातही उपयोगी पडणारी आहे: आपण जे मोजतो आहोत ते खरोखर त्याच वस्तूचे माप आहे, की शेजारून जाणाऱ्या ट्रामचे, हे आधी ठरवावे लागते.

फॅरडेचा नियम मनुष्याच्या डोक्याला लावता येईल, हे १८९६ साली फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन द’आर्सोनव्हाल याने दाखवले. बदलत्या प्रवाहाच्या मोठ्या वेटोळ्यात डोके घातले असता डोळ्यांपुढे प्रकाशाचे कण चमकतात, असे त्याला आढळले. पण उपयोगी यंत्र व्हावयास आणखी नव्वद वर्षे लागली. १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी यांनी तारेचे एक वेटोळे डोक्यावर धरले, त्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडला, आणि समोरच्या माणसाच्या हाताची बोटे आपोआप हलली. कवटीला छिद्र नाही, वेदना नाही. वेटोळ्याजवळचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या कित्येक हजार पट असते, परंतु ते सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी वेळ टिकते. तेवढ्या वेळात मेंदूच्या पृष्ठभागातील पेशींत सूक्ष्म प्रवाह जन्मतो. ठोक्यांची मालिका दिली तर पेशींची उत्तेजनक्षमता काही काळ वाढते अथवा घटते. अमेरिकेत औषधांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी या उपायास २००८ साली सरकारी मान्यता मिळाली.

दुसरी पद्धत त्याहून सोपी आहे. १९०१ ते १९३० या काळातील घरगुती विजेरी यंत्रांची आठवण करून देणारी ती वाटेल, पण तिची मोजणी मात्र काटेकोर आहे. २००० साली जर्मनीतील गटिंगेन येथे मिखाएल निट्शे व वाल्टर पाउलुस यांनी दाखवले की, ओल्या स्पंजाचे दोन तुकडे डोक्यावर ठेवून त्यांतून सुमारे एक मिलिअँपिअर इतका सरळ प्रवाह काही मिनिटे सोडला, तर त्याखालील मेंदूची उत्तेजनक्षमता बदलते आणि तो बदल प्रवाह थांबल्यावरही काही काळ राहतो. ही वीज पेशीला ‘पेट’ म्हणत नाही. ती फक्त तिला पेटण्याच्या थोडे जवळ नेते. ‘डोक्याला शॉक’ म्हणून लोक ज्याला घाबरतात ती विद्युत्‌-आक्षेप चिकित्सा यापासून सर्वस्वी वेगळी आहे. ती १९३८ साली रोममध्ये प्रथम दिली गेली. तिच्यात शेकडो मिलिअँपिअर प्रवाहाने मुद्दाम आकडी आणली जाते आणि आज ती भूल देऊनच करावयाची असते. येथे रोगी जागा असतो, वाचतो, बोलतो. त्वचेला मुंग्या येतात किंवा खाज सुटते, इतकेच.

अशा सौम्य उपायाविषयी उत्साह वाटणे साहजिकच आहे. परंतु येथे तिसरा धागा हाती घ्यावा लागतो. अदृश्य शक्तीने रोग बरे करण्याची कल्पना मनुष्याला फार जुन्या काळापासून मोहविते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रांझ मेस्मेर नावाच्या वैद्याने ‘प्राणिचुंबकत्वा’ने पॅरिस वेडे करून सोडले. त्याच्या सभेत लोक थरथर कापत, रडत, मूर्च्छित पडत आणि बरे होऊन उठत. १७८४ साली राजाज्ञेने चौकशी समिती नेमली गेली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, लाव्हाझिए होते. त्यांच्यापुढे एका मुलास बागेत आणून सांगण्यात आले की, येथील एका झाडाला चुंबकशक्ती दिलेली आहे. मुलाचे डोळे बांधलेले होते. तो एका मागून एक झाडांना मिठी मारीत गेला आणि चौथ्या झाडाशी मूर्च्छित पडला. चुंबकशक्ती दिलेले झाड मात्र तेथून दूर होते. मूर्च्छा खोटी नव्हती, मुलगा सोंग करीत नव्हता. तिचे कारण केवळ वेगळे होते. वैद्यकातील आंधळ्या चाचणीची ही पहिली मोठी कसोटी मानली जाते.

त्याच्या साठ वर्षांनंतर बंगालमध्ये याच कल्पनेला वेगळे रूप आले. जेम्स एस्डेल या स्कॉटिश शस्त्रवैद्याने १८४५ पासून हुगळी येथे मेस्मेरी निद्रेत शेकडो शस्त्रक्रिया केल्या, आणि १८४६ साली कलकत्त्यात त्यासाठी एक स्वतंत्र रुग्णालयही काही काळ चालले. थोड्याच काळात ईथर व क्लोरोफॉर्म आले आणि ती पद्धत मागे पडली. एस्डेलचे रोगी वेदनेने कळवळत नसत, याविषयी साक्षी देणारे अनेक होते. पण त्या परिणामाचे कारण कोणते, या प्रश्नाला शिस्तीने उत्तर देण्याची रीत तेव्हा विकसित झालेली नव्हती. आजच्या चाचण्यांत हीच रीत ‘लटका उपचार’ या नावाने चालते. विजेच्या प्रयोगात दोन गट करतात. दोघांच्या डोक्याला एकसारखे स्पंज, एकसारखे पट्टे. एका गटाला पूर्ण वेळ प्रवाह. दुसऱ्याला पहिली काही सेकंदेच, म्हणजे त्वचेला मुंग्या येतात आणि मग प्रवाह बंद होतो. कोणाला काय दिले हे रोग्यालाही ठाऊक नसते आणि गुण मोजणाऱ्यालाही नाही.

थकव्याच्या बाबतीत ही दक्षता विशेष आवश्यक का, याचे उत्तर औषधांच्याच एका चाचणीत मिळते. २०२१ साली अमेरिकेतील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या १४१ रोग्यांना त्यांच्या थकव्यासाठी ॲमँटाडिन, मोडाफिनिल, मिथिलफेनिडेट ही तीन औषधे आणि निव्वळ औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी, ही चारही आळीपाळीने देण्यात आली. ही तीन औषधे वर्षानुवर्षे याच कारणासाठी लिहून दिली जात होती. ज्या मापात मोठा आकडा म्हणजे अधिक थकवा, त्यावर आरंभीचा सरासरी आकडा ५१ च्या आसपास होता. निष्क्रिय गोळीवर तो सुमारे ४१ पर्यंत उतरला, आणि तिन्ही औषधांवरही ३९ ते ४१ यांच्या दरम्यानच राहिला. एकही औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. उलट त्यांचे दुष्परिणाम अधिक दिसले. याचा अर्थ असा नव्हे की, रोग्यांचा थकवा काल्पनिक होता. मोजमाप, लक्ष, आशा, काळाचा ओघ आणि थकव्याची स्वाभाविक चढउतार यांनीच दहा गुणांचा फरक पडतो, एवढाच त्याचा अर्थ. मग ज्या यंत्राला लटक्या उपचाराशी तोलून पाहिलेले नाही, त्याच्या जाहिरातीतील ‘थकवा कमी झाला’ या वाक्याला किती किंमत द्यावयाची, हे सांगावयास नको.

औषधे अशी निष्प्रभ ठरल्यामुळे औषधाविरहित उपायांकडे लक्ष वळणे स्वाभाविकच होते. विजेच्या प्रयोगांची सुरुवात त्यापूर्वीच झालेली होती. २०१४ साली इटलीतील मिलान येथील रोबेर्ता फेरुच्ची व त्यांचे सहकारी यांनी मेंदूच्या हालचालींचे नियमन करणाऱ्या पट्ट्यावर पाच दिवस प्रवाह दिला आणि अनेक रोग्यांचा थकवा काही आठवडे कमी झाल्याचे नोंदले. त्याच वर्षी गटिंगेनहून, म्हणजे ज्या ठिकाणी ही पद्धत नव्याने सिद्ध झाली तेथूनच, कपाळाच्या डाव्या बाजूवर प्रवाह दिलेला दुसरा अहवाल आला. त्यात खरा उपचार लटक्या उपचाराहून सरस ठरला नाही. २०१८ साली न्यू यॉर्क येथे ली चार्व्हेट व त्यांचे सहकारी यांनी रोग्याला घरीच यंत्र देऊन, दूरदर्शनसदृश पडद्यावरून देखरेख करीत, दर वेळी वीस मिनिटे याप्रमाणे वीस वेळा दोन मिलिअँपिअर प्रवाह कपाळाच्या डाव्या भागावर दिला. या चाचणीत पंधरा जणांना खरा आणि बारा जणांना लटका उपचार होता; खऱ्या उपचाराच्या गटात थकवा स्पष्टपणे अधिक उतरला. चुंबकीय ठोक्यांचेही प्रयोग झाले. तेही अल्पसंख्य रोग्यांवरच.

सत्तावीस रोग्यांच्या चाचणीवरून साऱ्या जगासाठी नियम बनवता येत नाही. २०२० च्या जागतिक नोंदीप्रमाणे या रोगाचे सुमारे २८ लाख रोगी आहेत. मेंदूच्या कोणत्या भागावर, किती प्रवाहाने, किती दिवस हा उपचार करावयाचा, गुण किती महिने टिकतो, आणि कोणत्या रोग्याला तो लाभेल, यांविषयी अहवालांत एकवाक्यता नाही. म्हणून थकव्यासाठी ही पद्धत आशादायक होय, परंतु सिद्ध नव्हे, असेच तिचे न्याय्य वर्णन करावे लागते. तिला मर्यादाही आहेत. चुंबकीय ठोक्यांनी क्वचित आकडी येऊ शकते, म्हणून ज्याला फेफरे येतात, ज्याच्या डोक्यात धातूची पट्टी आहे किंवा ज्याच्या छातीत हृदयाचे यंत्र बसवले आहे, त्याने त्या वाटेला वैद्याच्या सल्ल्यावाचून जाता कामा नये. सौम्य प्रवाहाचा धोका बराच कमी, तथापि बाजारातून घट आणि तारा आणून घरच्या घरी प्रयोग करणे म्हणजे त्वचा भाजून घेण्याचे निमंत्रणच होय.

खाडीपलीकडच्या नगरांतील रोग्यासाठी या प्रश्नाला एक व्यावहारिक बाजू आहे. मुंबई आणि नवी मुंबई येथे नैराश्यावरील चुंबकीय उपचार मनोविकारतज्ज्ञांकडे मिळू लागला आहे; त्यामुळे तेच यंत्र थकव्यावरही चालेल, असे सुचवले जाणे अगदी संभवनीय आहे. अशा उपचाराच्या वीस-तीस बैठका असतात. नेरूळहून परळला वीस वेळा जाणे-येणे करण्यात ज्याची शक्ती खर्ची पडते, त्याच्या थकव्याचा हिशेब मांडताना तो प्रवासही धरावयास हवा. घरी देखरेखीखाली दिलेल्या प्रवाहाचे महत्त्व येथेच कळते. रोग्याला उपचाराकडे नेण्याऐवजी उपचार रोग्याकडे येतो. परंतु घरी यंत्र आणणे जितके सोपे, तितकेच फसवणेही सोपे होते. तेव्हा कुटुंबाने विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. हा उपचार लटक्या उपचाराशी ताडून पाहिलेला आहे काय? तो कोणत्या रोगासाठी ताडून पाहिला, नैराश्यासाठी की थकव्यासाठी? आरंभी आणि शेवटी थकवा एकाच प्रश्नावलीने मोजणार काय? काही आठवड्यांत गुण न आल्यास उपचार थांबवणार काय? ज्या वैद्याजवळ या प्रश्नांची सरळ उत्तरे आहेत, त्याच्याशी पुढील बोलणे सुखाने होते.

आज ज्या उपायांना अधिक भक्कम आधार आहे ते मात्र फार गाजावाजा न करणारे आहेत. बेताचा नियमित व्यायाम, दुपारच्या उकाड्यात घराबाहेर न पडणे, थंड पाण्याने किंवा पंख्याने अंग गार ठेवणे, दिवसाची कामे शक्तीच्या मापाने वाटून घेणे, रक्तक्षय, थायरॉइडची मंदता, निद्रानाश व नैराश्य यांसारखी वेगळी कारणे आधी शोधून काढणे, हे ते उपाय होत. २०२४ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत, विचार व सवयी यांना वळण देणारी मानसोपचार पद्धत दूरध्वनीवरून दिली असता तिचा गुण मोडाफिनिलच्या बरोबरीचा आढळला. यातील पुष्कळसे उपाय घरच्या माणसांनी थोडी समजूत दाखवल्यावाचून साधत नाहीत. सून दुपारी आडवी झाली म्हणून तिच्यावर रागावणाऱ्या सासूला रोगाचे स्वरूप समजावून सांगणे हाही उपचाराचाच एक भाग आहे.

दोनशे वर्षांच्या या इतिहासाकडे पाहता एक गोष्ट ध्यानात येते. यंत्रावर लोकांनी चटकन विश्वास ठेवला. रोग्याच्या थकव्यावर मात्र ठेवला नाही. मेस्मेरच्या सभेत गर्दी जमली, पण शार्कोच्या लक्षणांच्या यादीत थकव्याला जागा मिळाली नाही. न्याय्य क्रम याच्या उलट आहे. थकवा सांगणाऱ्या रोग्याचे म्हणणे प्रथम खरे मानावे, कारण ते नोंदण्यासाठी त्याच्या शब्दांवाचून दुसरे साधन नाही; आणि यंत्राने स्वतःचा गुण लटक्या यंत्राच्या पंक्तीला बसून सिद्ध करून द्यावा. हा क्रम पाळला तर वाशी, नेरूळ किंवा पनवेल येथील रोग्याला आपण आळशी नाही हे पटवून देण्यासाठी आपली थोडकी शक्ती खर्चावी लागणार नाही. आणि उद्या मेंदूवरील विजेचा उपाय खरोखरच सिद्ध झाला, तर तो त्याच्यापर्यंत आशेच्या बाजारातून नव्हे, तर परीक्षेच्या वाटेने येईल.